आंबा, सुरू, चिंच, आकेशिया : पावसाआधी काय फोडू नि कसं फोडू?

लोकल_सुटली (२० मार्च, रात्री ९.१५)

नमस्कार मंडळी. बावीस वर्षं डोंबिवलीत काढून गेल्या दिवाळीत कायमचा गावी आलो. गाव गुहागर तालुक्यात, पालशेतच्या अलीकडे, रात्री अंथरुणात समुद्र ऐकू येतो इतक्या अंतरावर. घरात आई (वय ७६), मी, बायको आणि आठवीतला मुलगा. गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवर तापतं आणि आईच्या मते ते तिथेच तापणार. हीटरच्या पाण्याने तिचं अंग शेकत नाही.

खळ्याच्या कडेला सध्या पडलेला ऐवज सांगतो. घरामागचा रायवळ आंबा २०२१च्या तौक्ते वादळात अर्धा मोडला होता, राहिलेला उभ्याउभ्या वाळला. तो रीतसर परवानगी काढून जानेवारीत पाडला आणि मशीनवाल्याकडून दीड-दीड फुटांची खांडं करून घेतली. बुंध्याकडची खांडं दोन फूट जाड आहेत. कुंपणाचे चार सुरू फेब्रुवारीत काढले, ते अजून ओले. आकेशियाचा एक टेम्पो विकत घेतला. आणि शेजारच्यांनी "घेऊन जा रे बाबा" म्हणून दिलेला चिंचेचा एक ओंडका. तो त्यांनी का दिला ते मला आता कळलंय.

आकेशियाची रास होती त्याच्या दुप्पट. निम्मी शिमग्याला पोरांनी होळीसाठी पळवली. सकाळी तावातावाने आईला सांगायला गेलो तर ती हसत सुटली. म्हणाली, "तुझ्या बापाने शेजारच्यांच्या न्हाणीचं दार नेलं होतं."

गेल्या रविवारी वडिलांची कुऱ्हाड माळ्यावरून काढली आणि जोशात चिंचेवर घातली. ती अडकली. तासभर हलवली, ओढली, लाथ मारली, शेवटी दांडा मोडला. पातं अजून चिंचेतच आहे. मुलाने त्याचा फोटो काढून डोंबिवलीच्या मित्रांना पाठवला.

तर प्रश्न असे. सुरुवात कशापासून करू? ओला सुरू मृगापर्यंत वाळेल का? फोडायची खरी पद्धत काय? आणि पावसाच्या चार महिन्यांना नुसत्या अंघोळीच्या पाण्यासाठी लाकूड लागतं तरी किती?

---

पाचर (२० मार्च, रात्री १०.५०)

आधी चिंचेला हात लावणं बंद कर.

मी दापोलीकडचा. कॉलेजात असताना मे महिन्यात लोकांची लाकडं फोडून फी भरलेली आहे, त्यामुळे चार गोष्टी अधिकाराने सांगतो. चिंचेचे धागे एका दिशेने जात नाहीत, एकमेकांत विणल्यासारखे असतात. खाटीक मटण तोडायला चिंचेचाच ठोकळा का ठेवतो? रोज सुरा बसूनही तो दुभंगत नाही म्हणून. तू नेमका त्यालाच दुभंगायला गेलास.

पहिला नंबर सुरूचा, आणि आजच. सुरू ओला असतो तेव्हा ऐकतो, वाळला की लोखंड. लोकांची उलटी समजूत असते, आधी वाळवू मग फोडू. बहुतेक कठीण लाकडं ओली असतानाच फोडावीत. शिवाय लाकडातलं पाणी सालीतून फारसं जात नाही, कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून जातं. अख्खं खांड ठेवलंस तर पुढच्या वर्षीही आत ओलंच सापडेल. मनगटाएवढ्या चिरफळ्या करून एप्रिल-मेचं ऊन दाखवलंस तर मृगापर्यंत जळण्याजोगा होईल. सुरू तसाही गुणाचा, थोडा ओला असला तरी पेटतो. पण न्हाणीत धूर कोंडला तर आई तुलाच बोलणार.

मग आकेशिया. सरळ वाढलेला असेल तर त्यात डोकं लावायला नको. सामाजिक वनीकरणवाल्यांनी आपल्याकडे हे झाड लावलं तेव्हा म्हातारे नावं ठेवायचे. आता त्यांच्याच नातवांच्या चुलीत तेच जळतं.

आंबा शेवटी. चार वर्षं उभा वाळलाय म्हणजे भुंग्याने पोखरलेला भाग असणार. तो मऊ असतो, आपोआप सुटतो. बुंध्याची सरळ खांडं फुटतील. जिथे फांदी फुटलेली होती ती बेचक्याची खांडं बाजूला काढ, त्यांच्यावर घाम गाळू नकोस. ती शेकोटीला.

आता फोडणं. तुझ्या वडिलांची कुऱ्हाड पातळ पात्याची असणार. ती झाड तोडायची. धागा आडवा कापायला पातळ पातं बरोबर, पण फोडताना धागा कापायचा नसतो, फाकवायचा असतो. त्याला पाठीकडे जाड होत गेलेलं, वजनदार पातं लागतं. लोहाराकडे जा, सांग फोडायची कुऱ्हाड हवी, आणि त्याच्याकडूनच दोन लोखंडी पाचरी करून घे. पाचर ठोकायला घण वापर. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकू नकोस, तिचा डोळा (दांडा बसतो ते भोक) फाकतो आणि मग पातं दांड्यावर कधीच घट्ट बसत नाही. दांडा भरीव चिव्याचा (बांबूचा) घाल. दांडा बसवलास की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात, फुगून घट्ट होतो, पण ही युक्ती त्या दिवसापुरती. वाळला की पुन्हा ढिला. खरं काम आत मारलेली खुंटी करते.

खांड जमिनीवर ठेवून मारू नकोस. अर्धा जोर मातीत जातो, आणि आपली माती म्हणजे खाली जांभा, एक चुकलेला घाव आणि धारेचा तुकडा गेला. खाली रुंद ओंडका हवा, गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढा. खांडाच्या तोंडावर बघ, वाळताना मधल्या गाभ्यापासून कडेकडे भेगा गेलेल्या दिसतात. झाडाने स्वतःच दाखवलेली वाट आहे ती. घाव त्या रेषेवर घाल. दोन फुटी खांडाच्या मध्यावर मारायचं नाही, तिथेच सगळे अडकतात. कडेपासून सुरुवात कर, चार बोटं आत, आणि गोल फिरत कडेच्या फाळी सोडवत जा. गाभा शेवटी हातात येतो. गाठ असेल ती बाजू खाली ठेव.

पाय फाकवून उभा राहा. एक पाय पुढे टाकून उभा राहणारे मी पाहिलेत, त्यातल्या एकाची नडगीही पाहिली आहे. जोर खांद्याने लावायचा नाही. कुऱ्हाड वर नेईपर्यंत तुझं काम, खाली यायचं काम तिचं, तू शेवटी फक्त गुडघ्यात किंचित वाकायचं. कुऱ्हाड अडकली तर आडवी हलवू नकोस, दांडा तिथेच मोडतो (तुला माहीत आहेच). दांड्याच्या टोकावर वरून हाताने ठोका दे, पातं उचललं जातं. नाहीच सुटलं तर खांडासकट उचलून उलटं कर आणि कुऱ्हाडीची पाठ ओंडक्यावर आपट. खांडाच्या वजनानेच ते फाटतं.

गॅरेजमधून मोटारसायकलचा फाटका टायर आण. खांड त्याच्या आत उभं करून फोडलं की तुकडे उडत नाहीत, दर घावाला वाकून गोळा करावे लागत नाहीत. हे मला पन्नाशीत कळलं, कंबर गेल्यावर.

रचताना खाली जांभ्याचे चिरे टाक, नाहीतर वाळवी. भिंतीला चिकटवून रचू नकोस, वारा मागून जायला हवा. वर पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीत गुंडाळून ठेवणारे बुरशी पोसतात.

आणि जुन्या राशीत उघडा हात घालू नको. फुरसं चिरफळीच्याच रंगाचं असतं. आधी काठीने हलवायचं, मग उचलायचं.

---

चुलीपुढची (२१ मार्च, दुपारी २.३०)

पाचरकाका, लाकूड फोडण्यात तुम्ही मोठे, पण आंब्याला शेवटी का ढकललंत? जाळणारं माणूस वेगळं असतं, फोडणारं वेगळं.

मी मालवणची. घरी अजून रोज चूल पेटते, कारण सासऱ्यांना गॅसवरची पेज चालत नाही आणि मला गॅसवरचे बांगडे. दादा, तुमचा प्रश्न अंघोळीच्या पाण्याचा आहे, पण आईंना विचारून बघा, चार दिवसांत त्या चुलीवर आणखी काय काय चढतं ते. प्रत्येकाला वेगळं जळण.

पेटवायला चुडतं (वाळक्या झावळ्या) आणि सोडणं (नारळाची सालं). नारळ असताना कागद, रॉकेल वगैरे कशाला. करवंटीचा जाळ फार तेज, दोन मिनिटांत पाणी उकळतं, पण भांड्याचं बूड काळंकुट्ट होतं, म्हणून आधी बुडाला बाहेरून राख नाहीतर माती सारवा. भाकरीला हलकं जळण, पांढऱ्या सावरीच्या नाहीतर गिरिपुष्पाच्या काटक्या, भसकन पेटतात नि जाळ हातात राहतो. मोठं लाकूड घातलं की भाकरी एका बाजूला करपते नि दुसऱ्या बाजूला कच्ची. माशाच्या कढीला उलट. एक उकळी आली की लाकूड मागे ओढायचं नि निखाऱ्यावर ठेवायची, नाहीतर सोलांचा आंबटपणा वर येतो. तिथे आंबा चांगला, मऊ जळतो. सुरूचा जाळ कढीला सोसत नाही. उकडा तांदूळ करायला भात शिजवतो तेव्हा मात्र मोठा हंडा, रात्रभर जाळ, तिथे सुरू नाहीतर जांभूळ. (जांभूळ पाण्यातसुद्धा कुजत नाही, जुन्या विहिरींच्या तळाला त्याच्या फळ्या घालायचे. सरळ तुकडा मिळाला तर जाळू नका.)

गिरिपुष्प कुंपणाला असेल तर पाला शेतात जातो नि बोटाएवढ्या फांद्या चुलीत. फोडायचा प्रश्नच नाही. बायकांना विचारलंत तर जळणातलं निम्मं न फोडता मिळतं, फक्त ते उचलून आणावं लागतं, आणि ते काम मोजलं जात नाही.

काजूचं लाकूड चालतं पण धूर फार. काजूची टरफलं न्हाणीच्या चुलीत टाकू नका. त्यांचं तेल उडतं, हाताला फोड येतात, धूर डोळ्यांत जातो. आणि बिब्ब्याचं लाकूड चुकूनही नको. बिब्बा उतला की काय होतं ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत, माझ्या दिराचं तोंड आठ दिवस भोपळ्याएवढं होतं. रानातून आणलेल्या मोळीत न ओळखीचं काही असेल तर आईंना दाखवा.

माझी आवस (आई) म्हणायची, "गो, आधी धूर बघ, मगे भात चढय." पांढरा दाट धूर म्हणजे अजून पाणीच उडतंय.

---

निवृत्त_मास्तर (२१ मार्च, रात्री ८.०५)

"किती लागेल" याचं उत्तर कोणी दिलं नाही, म्हणून पाटीवर मांडतो. सदतीस वर्षं विज्ञान शिकवलं, सवय जात नाही.

चौघांच्या अंघोळीला ४० लिटर पाणी कडक तापवून त्यात गार मिसळायचं असं धरू. २७ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं, म्हणजे ३३ × ४० = १,३२० किलोकॅलरी. आपली जुनी मातीची चूल जेवढी उष्णता होते तिच्या साधारण दहाव्या भागाचाच उपयोग करते, बाकी भिंत, धूर आणि न्हाणी तापते. म्हणून १३,२०० जाळावे लागतील.

गंमत अशी की पूर्ण कोरडं लाकूड किलोमागे ढोबळमानाने साडेचार हजार किलोकॅलरी देतं, मग ते हलक्या सावरीचं असो की जड ऐनाचं. हलकं लाकूड "कमी तापतं" असं वाटतं, कारण तेवढ्याच आकारात त्याचं वजन कमी भरतं. वजनावर घेतलंत तर फारसा फरक नाही, राशीवर घेतलंत तर मोठा. टेम्पोवाला रास दाखवतो, लक्षात ठेवा.

खरा फरक पाण्याचा. नुकतं तोडलेलं लाकूड धरा निम्मं पाणी. १० किलोत ५ किलो लाकूड, त्याचे २२,५००. पण ५ किलो पाण्याची वाफ करायला किलोमागे सुमारे ६०० प्रमाणे ३,००० गेले. उरले १९,५००. नीट वाळलेल्या लाकडात पाचवा हिस्सा पाणी धरा. १० किलोत ८ किलो लाकूड, ३६,००० वजा १,२०० बरोबर ३४,८००. म्हणजे दिवसाला वाळलेलं पावणेचार किलोच्या आसपास, ओलं पावणेसात. पावसाच्या १२० दिवसांना वाळलेलं साडेचार क्विंटल. धुरावाटे न जळता जाणारं मी धरलेलंच नाही, म्हणून ओल्याचा हिशेब यापेक्षाही वाईट.

वाळलंय की नाही बघायला दोन चिरफळ्या एकमेकींवर आपटा. खणखणलं तर झालं, थप्प वाजलं तर अजून ऊन दाखवा. शंका असेल तर एक चिरफळी काट्यावर तोलून तिच्यावर खडूने वजन लिहा, आठवड्याने पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की आपल्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. नुसत्या खारट वाऱ्यात ते हाडासारखं कोरडं होत नाही.

---

कोयती_कमरेला (२२ मार्च, सकाळी ७.४०)

परवानगी काढून आंबा पाडलात, शाबास. इतरांसाठी लिहितो. आपल्या मालकीच्या जमिनीत असला तरी आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, साग, हिरडा ही झाडं १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. पाडण्याआधी अर्ज करायचा, नंतर नाही. "वाळलेलाच होता" हे पाडल्यावर सिद्ध करता येत नाही.

खाडीकडच्यांनी तिवराकडे तर बघूसुद्धा नये. पूर्वी सगळे जाळायचे, चांगला जळतो, पण उच्च न्यायालयाच्या २००५च्या आदेशापासून कांदळवन तोडणं बंद. किनाऱ्यावरचं सुरूबन वनखात्याचं आहे. देवराईतली तर पडलेली काटकीसुद्धा आमच्याकडे कोणी उचलत नाही, त्याला कायदा लागला नाही कधी.

वाहून आलेलं लाकूड पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून) आणत असाल तर बंबात घालू नका. मीठ मुरलेलं असतं, ते बंबाचा पत्रा खातं.

---

पाचर (२२ मार्च, सकाळी ९.२०)

@चुलीपुढची, ताई, मान्य. मी फोडायच्या क्रमाने लिहिलं, जाळायच्या नाही. आणि कढीबद्दल वाद घालण्याइतका मी मूर्ख नाही.

---

लोकल_सुटली (१३ एप्रिल, दुपारी १२.१०)

तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय, हाताचे फोड बसल्यावर.

लोहार शृंगारतळीला गाठला. पावणेतीन किलोची कुऱ्हाड आणि दोन पाचरी करून दिल्या, माझ्यासमोर धारेला पाणी देऊन (तापवून पाण्यात बुडवून). दांड्याला चिवा आईनेच दाखवला, वईतला (कुंपणातला), "तो नको, तो पोकळ आहे, पलीकडचा." इतकी वर्षं त्या वईवरून उड्या मारल्या, त्यात दोन जातींचे बांबू आहेत हे ठाऊक नव्हतं.

सुरू संपला. काका म्हणाले तसा ओला ऐकतो, पण पहिल्या दिवशी मला ते ऐकू आलं नाही. मी मध्यावरच मारत होतो. दुसऱ्या दिवशी कडेपासून सुरुवात केली आणि पहिली फाळ सुटली तेव्हा जो आवाज आला तो लिहिता येत नाही. मुलाने पुन्हा फोटो काढला, तो मात्र कुणाला पाठवला नाही. टायर आणला. बायको म्हणते घरात आलेली ही पहिली वस्तू आहे जी मी न विचारता आणली आणि तरी तिला आवडली.

आकेशिया दोन सकाळींत. आंब्याची सहा खांडं फुटली, दोनात भुंग्याच्या अळ्या निघाल्या, कोंबड्यांची दिवाळी. बेचक्याची चार बाजूला ठेवली आहेत. आईने आंबा स्वयंपाकघराकडे वेगळा रचायला लावला, सुरू न्हाणीकडे. मी तिला इथलं काही वाचून दाखवलं नव्हतं.

मास्तर, तुमच्या सांगण्यावरून सुरूची एक चिरफळी खडूने लिहून ठेवली आहे. १ किलो ८४०, मग १ किलो ५१०, काल १ किलो ३६०. अजून उतरतेय. आई रोज विचारते आज किती. एकूण रास मुलाच्या वजनकाट्यावर भारे करून तोलली, पावणेसहा क्विंटल भरली, ओल्यासकट. म्हणजे वाळून साडेचारच्या आसपास येईल असं दिसतंय. चुलीवर मोदक उकडायला लागेल ते जळण गणपतीत बघू.

एकदा कुऱ्हाड सटकली. दमलो होतो, शेवटचं एक म्हणून मारलं. पाय फाकवलेले होते म्हणून मातीत गेली. त्यानंतर "शेवटचं एक" बंद.

राहिली चिंच. वडिलांचं पातं तिच्यातून काढायला दोन्ही पाचरी लागल्या, आणि त्या ठोकूनसुद्धा ओंडका फुटला नाही, फक्त पातं सोडलं त्याने. गुडघ्याच्या जरा खाली येतो. सगळी लाकडं मी त्याच्यावरच फोडली.

---

पाचर (१३ एप्रिल, दुपारी १.०५)

आता ती परत मागायला शेजारी येतील. देऊ नको.